नमुन्याचा काटा

कोणतीही वस्तू तपासायची झाली, तर आधी एक नमुना ठरवावा आणि बाकीच्या वस्तू त्याच्याशी ताडून पाहाव्यात, हे तंत्रनिकेतनात आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवले गेले. नमुन्याची स्वतःची तपासणी मात्र करायची नसते. त्याच्याविषयीच शंका घेऊ लागलो, तर जगात काहीच मोजता येणार नाही. कारखान्याच्या तपासणी विभागातील माझी सगळी नोकरी मी याच तत्त्वावर सन्मानाने पार पाडली, आणि याच तत्त्वामुळे निवृत्तीनंतर एका औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर माझी पिशवी उलटी करून झडती घेण्यात आली. असे का झाले ते मी क्रमाने सांगतो. क्रम सोडून सांगितलेले मला स्वतःलाही कळत नाही.

सुरुवात दादांच्या फोनने झाली. दादा म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचे थोरले बंधू.

"चिमे, बाबांचा जन्मदिवस रविवारी येतोय," ते म्हणाले. फोनवर ते इतक्या मोठ्याने बोलतात की पलीकडच्या खोलीतल्या माणसानेही ऐकावे, असा त्यांचा आग्रहच असतो. "म्हटलं, आम्ही दोघं तुझ्याकडे जेवायला यावं. बाबांच्याच काट्याचमच्यांनी जेवू सगळे. माझ्याकडचं मी घेऊन येतो. माझे पाच काटे." इथे ते जरा थांबले. "आणि तुझे सहा. सहाच ना?"

"हो. सहा," ही म्हणाली. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ पदराच्या टोकाने तोच फोन पुसत राहिली.

या पाच-सहाचा उलगडा इथेच केलेला बरा. माझे सासरे एका मोठ्या हॉटेलचे व्यवस्थापक होते. हॉटेल बंद झाले तेव्हा मालकांनी निरोपाची भेट म्हणून त्यांना चांदीच्या मुलाम्याचा जेवणाचा संच दिला. निळ्या मखमलीच्या पेटीत काटे, चमचे आणि सुऱ्या, प्रत्येकाला बारा-बारा खाचा, आणि सोबत एक डौलदार किटली. दर रविवारी सासरे टेबलावर पांढरे कापड अंथरून हा संच मांडत आणि कोणती वस्तू कोणत्या हातात धरायची ते दोन्ही मुलांना शिकवत. त्यांच्यामागे वाटणी झाली. घरातल्या एका वडीलधाऱ्या मामांनी "सहा-सहा केलेत हो" असे म्हणत कापडाची दोन गाठोडी बांधली. पेटी दादांना गेली, किटली हिला आली. गाठोडी कोणी मोजली नाहीत. मी मोजणार होतो, पण हिने डोळ्यांनीच दटावले. दुःखाच्या घरी मोजत बसणे बरे दिसत नाही, असे तिचे म्हणणे. तपासणी विभागात आम्ही दुःखातही मोजत असू, पण ते असो.

घरी गेल्यावर दादांच्या गाठोड्यात काटे पाचच निघाले. त्यांनी फोन केला. "चिमे, तुझ्याकडे किती आहेत?" ही त्या वेळी सगळी भांडी धुऊन जाळीत निथळत ठेवत होती. पुसता पुसता तिने काटे वेगळे काढले, मोजले आणि सांगितले, सहा. "मग माझे पाच कसे?" "मला काय ठाऊक?" या शेवटच्या वाक्याच्या सुरावरून दोन्ही घरांत जो विचार झाला, तो अजूनही चालू होता. तेव्हापासून बहीण-भाऊ बोलत होते, पण तोलून. एका काट्यासाठी कोणी कोणाला चोर म्हणत नाही, आणि म्हणत नाही म्हणूनच ते मनातून जात नाही. आता दादा आपण होऊन येणार होते. हे जेवण नीट पार पडले तर भाऊ परत मिळणार, नाहीतर पुढचा फोन कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हते. हिला काय पणाला लागले आहे याची मला पूर्ण कल्पना होती. म्हणूनच मी म्हणालो, "संच चकचकीत करण्याची जबाबदारी माझी."

"तुमची?" ही म्हणाली. या एका शब्दात चिंता किती आणि अविश्वास किती, हे ठरवणारे उपकरण अजून निघालेले नाही.

कपाटाच्या माथ्यावरून गाठोडे काढले. चमचे, सुऱ्या, किटली सगळे इतक्या वर्षांत काळे पडले होते. काटेही काळे. पण सहा काट्यांपैकी एक काटा पांढराशुभ्र होता. त्याच्यावर डाग नाही, सावट नाही. आरशासारखा लखलखत होता तो.

मला अत्यंत आनंद झाला. "हा पाहा!" मी म्हणालो. "इतक्या वर्षांनी याची ही स्थिती, म्हणजे याच्यावर मुलामा सर्वांत उत्तम बसला आहे. संच मुळात कसा होता, त्याचा हा पुरावा. हा आपला नमुना."

नमुना ठरला की त्याला हाताचा घाम लागू द्यायचा नसतो. मी तो काटा मऊ कापडाच्या गादीवर, तोंड वर करून ठेवला आणि त्यावर काचेची झाकणी घातली. त्यानंतर रविवारपर्यंत मी त्याला हात लावला नाही. या शिस्तीचा मला पुढे जो पश्चात्ताप झाला, तो योग्य जागी येईलच.

पहिला प्रयोग शास्त्रशुद्ध होता. पातेल्यात ॲल्युमिनियमचा पातळ कागद, त्यावर गरम पाणी, खाण्याचा सोडा, मीठ. त्यात वस्तू ठेवल्या की काळेपणा कागदावर उतरतो आणि चांदी जागच्या जागी राहते. तसेच झाले. तासाभरात काटे, चमचे, किटली, सगळे शांत, दुधासारखे पांढरे होऊन बाहेर आले. प्रत्येक काट्याच्या पाठीवर एक इवलासा कोरलेला हंस दिसू लागला. ती हॉटेलची खूण.

हिने एक काटा हातात घेतला आणि उजेडात धरला. "अगदी असेच दिसायचे हो," ती हळूच म्हणाली. "बाबांच्या वेळी. झालं की काम!"

इथे हे काम थांबले असते तर ही कथा लिहावी लागली नसती. पण मी झाकणी उचलली आणि काटा नमुन्याशेजारी धरला. नमुना झगमगत होता. हा नुसताच पांढरा होता.

"जुळत नाही," मी म्हणालो.

"कशाशी?"

"नमुन्याशी. हे साधारण सत्तर टक्के झाले आहे. राहिलेले तीस टक्के अजून आत आहे."

"मला सत्तर चालतील."

"तुला चालतील. दादांना चालतील का, याचा विचार कर."

दादांचे नाव काढायला नको होते. ती गप्प बसली, आणि तिचे गप्प बसणे मी संमती म्हणून नोंदवले.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू टूथपेस्ट घेऊन आल्या. दात आणि चांदी यांना एकच औषध लागते, असा त्यांचा सिद्धान्त होता. "आमच्या जावयाच्या अंगठीला लावली मी. अंगठी अशी झाली की ती ओळखूच येईना!" हे त्यांनी कौतुकाने सांगितले. मी टूथपेस्टने दोन चमचे घासून पाहिले. चमच्यांना पुदिन्याचा वास आला, एवढीच प्रगती झाली. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी बटाटे उकडलेले पाणी सुचवले. ते कशासाठी, असे विचारल्यावर म्हणाले, "ते ठाऊक नाही, पण बटाटे तरी उकडून होतात."

शेवटी मी यंत्राचा निर्णय घेतला. माझ्याकडे भोके पाडण्याचे हाताचे यंत्र आहे. त्याच्या टोकाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती बसवून त्यावर घासण्याची पूड लावली, की कोणत्याही धातूला आरशाची झळाळी येते. प्रश्न फक्त जागेचा होता, कारण हे काम घरात केले तर पूड आमटीपर्यंत जाते. गच्ची मोकळी होती. पण गच्चीचे मालक सोसायटीचे सचिव होते. म्हणजे कागदोपत्री आम्ही सारेच मालक होतो, पण किल्ली त्यांच्याकडे असे.

सचिव एका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी नियमांचे पुस्तक उघडले. "गच्चीवर यंत्र चालवता येत नाही."

"हे यंत्र नाही, घरगुती उपकरण आहे."

"मग घरी चालवा."

"घरी पूड उडते."

"उडते म्हणजे ते औद्योगिक उत्पादन झालं," ते गंभीरपणे म्हणाले. "अर्ज लागेल. अर्जात आवाज किती होईल ते लिहा."

मी आवाज मोजून लिहिला, सोबत आलेख जोडला. तो पाहून सचिव जरा विरघळले. मग त्यांनी दार लोटले आणि आवाज खाली आणला. "एक विचारू? बँकेने निरोपाच्या वेळी मला एक ढाल दिली आहे. चांदीसारखी. मळली आहे हो फार. तुमचं चाललंच आहे तर…"

परवानगी मिळाली. गच्चीवर वायर ओढली, जुने टेबल ठेवले आणि झाकणीतला नमुना मानाने मधोमध ठेवला. मी चकतीखाली पहिला काटा धरला.

झळाळी येऊ लागली. पण थोड्या वेळाने काट्याच्या टोकांशी एक पिवळसर छटा दिसली. मी थांबलो आणि विचार केला. आता कोणी म्हणेल, तुम्ही तंत्रनिकेतनात शिकलेले, मुलामा म्हणजे नुसता पापुद्रा आणि घासला की निघतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हते? ठाऊक होते. पण समोर नमुना होता ना! नमुन्यावर पिवळेपणाचा लवलेश नव्हता. तेव्हा हा पिवळेपणा म्हणजे कोणत्या तरी जुन्या रोगणाचा थर असणार, आणि त्याच्याखाली ती नमुन्याची खरी झळाळी लपली असणार, असा निष्कर्ष मी काढला. निष्कर्ष तर्कशुद्ध होता. मी अधिक जोमाने घासू लागलो.

दरम्यान गच्चीवर गर्दी जमू लागली. कोणी दाराच्या कड्या आणल्या, कोणी धावण्याच्या शर्यतीतला मुलाचा चषक, एका आजोबांनी स्वतःची काठी आणली आणि तिची मूठ पुढे केली. मी सर्वांना रांगेत उभे केले. सचिवांची ढाल आधी घेणे भाग होते. चकती लागताच तिच्यावरची धूळ गेली, मग मळ गेला, मग एक सोनेरी रंग गेला, आणि मी थांबेपर्यंत "प्रदीर्घ व निष्कलंक सेवेबद्दल" ही अक्षरेही गेली. ढाल आता नितळ झाली होती. सचिवांनी तिच्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि ती बगलेत घेऊन जिना उतरले. दहा मिनिटांत गच्चीवरची वीज गेली. परवानगी रद्द झाल्याचे मला तोंडी कळवण्याची गरजही त्यांना वाटली नाही.

तोवर माझे काम मात्र पूर्ण झाले होते. पाच काटे, सहा चमचे, सहा सुऱ्या आणि किटली, एक वस्तू सुटली नव्हती. मी सगळे टेबलावर मांडून पाहत होतो, तेवढ्यात वरच्या काकू आपल्या कड्या परत न्यायला आल्या.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "हे पितळेचं कुणाचं?"

संध्याकाळी हिने टेबलावर ते सारे पाहिले. सगळे पिवळेधमक झाले होते. इतके एकसारखे की कोणताही निरीक्षक पहिल्याच फेरीत ते पास करील. बाजूला काचेखाली नमुना शांतपणे पांढरा चमकत होता. मी रोगणाचा सिद्धान्त सांगायला तोंड उघडले आणि तिचा चेहरा पाहून मिटले.

ती ओरडली नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एका काट्यासाठी दादा इतकी वर्षं माझ्यावर रुसून आहे. आता तो हे बघेल आणि म्हणेल, चिमीने बाबांची चांदी विकली आणि पितळ आणून मांडलं. एक काटाच नाही, सगळंच खाल्लं म्हणेल."

तपासणी विभागात नापास मालावर लाल शिक्का मारून तो वेगळा ठेवत असत. इथे लाल शिक्का कोणावर मारायचा, ते स्पष्टच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पिशवी भरून मुलाम्याच्या कारखान्यात निघालो. नमुना घरी ठेवला. मूळ नमुना कधी फॅक्टरीत पाठवायचा नसतो. औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारले, "पिशवीत काय?"

मी खरे तेच सांगितले. "चांदीच्या मुलाम्याची भांडी."

त्याने न बघताच ते लिहून घेतले. मुलामेवाल्याने मात्र पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक वस्तू फिरवून पाहिली. मग माझ्याकडे आदराने पाहिले. "जुना मुलामा काढला कोणी?"

"मी."

"सुंदर! आमची पोरं दोन आठवडे खर्ची घालतात यासाठी. कुठे कणभरसुद्धा चांदी ठेवली नाही तुम्ही. तुम्ही आमच्याकडे का येत नाही? आठवड्यातून तीन दिवस?"

निवृत्तीनंतर माझ्या कामाची कोणी एवढी कदर केली नव्हती, त्यामुळे मी क्षणभर विसरलो की मी कशासाठी आलो आहे. मग रविवारचे सांगितले. तो हसला. सांडपाण्याची तपासणी होईपर्यंत त्याच्या टाक्या मोहोरबंद होत्या. तपासणी अधिकारी रजेवर होते, आणि त्यांच्या जागी जे आले त्यांना मोहोर तोडण्याचा अधिकार नव्हता, फक्त लावण्याचा होता. मी पिशवी उचलली.

फाटकावर पाळी बदलली होती. नव्या पहारेकऱ्याने पिशवी उघडली, वही पाहिली, पुन्हा पिशवी पाहिली. "इथे चांदीची लिहिली आहेत."

"चांदीच्या मुलाम्याची."

"ही तर पितळेची. चांदीची कुठे गेली?"

"हीच ती."

"आजोबा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आत जाताना चांदी, बाहेर येताना पितळ. असं कसं चालेल? आत कुठे ठेवली चांदी?"

मी त्याला मुलामा म्हणजे काय, नमुना म्हणजे काय आणि रोगणाचा सिद्धान्त काय, हे सारे समजावून सांगितले. पहिल्या दोन मुद्द्यांपर्यंत तो ऐकत होता. मग त्याने पिशवी उलटी केली, सुऱ्या रांगेत मांडल्या आणि माझे खिसे तपासले. ज्या माणसाने आयुष्यभर कारखान्याच्या दारात इतरांचा माल तपासला, त्याला फाटकावर हात वर करून उभे राहावे लागले. त्याच वेळी आत जाणाऱ्या टेम्पोतल्या दोघांनी माझ्याकडे बघून "काय पकडलं हो?" असे विचारले, तेही मी ऐकले. शेवटी मुलामेवाल्याने येऊन सांगितले, "अहो, चांदी यांनी स्वतःच आधी घरी घासून टाकली आहे," आणि माझी सुटका झाली. हे वाक्य बचाव म्हणून फारसे गौरवाचे नव्हते, पण लागू पडले.

रविवार उजाडला. हिने टेबलावर पांढरे कापड अंथरले. सूप, भाजलेले बटाटे, कोशिंबीर, शेवटी फळांचे पुडिंग, सगळे सासऱ्यांच्या रविवारसारखे. काटे मांडताना तिने पाच पिवळे ओळीत ठेवले आणि जो एक पांढरा उरला होता तो दादांच्या जागी ठेवला. "निदान त्याच्या हातात तरी बाबांचा चांगला काटा जावा," ती म्हणाली. झाकणीखालून नमुना काढताना मला थोडे जिवावर आले, पण मी विरोध केला नाही. माझा मताधिकार तेव्हा स्थगित होता.

दादा आणि वहिनी वेळेवर आले. दादांच्या हातात निळी मखमली पेटी होती. त्यांनी ती टेबलावर उघडली. आतले पाच काटे कोळशासारखे काळे होते.

"हात लावला नाही मी त्यांना," ते म्हणाले. "इच्छाच झाली नाही." मग त्यांची नजर आमच्या टेबलावर गेली. पिवळे काटे, पिवळे चमचे आणि मधोमध पिवळी किटली. ते पाहत राहिले. वहिनींनी घाईघाईने पाण्याचा ग्लास उचलला.

"चिमे," दादा सावकाश म्हणाले, "हे बाबांचं नाही."

ही ताठ उभी होती. हात टेबलाच्या कडेवर घट्ट. "बाबांचंच आहे, दादा."

"पितळेचं?"

आता बोलणे माझे कर्तव्य होते. मी घसा साफ केला. "त्याचे असे झाले की नमुना निश्चित केल्यानंतर…"

"तुम्ही थांबा," ही म्हणाली.

"जावईबापू, तुम्ही थांबा," दादाही म्हणाले. कित्येक वर्षांत बहीण-भावांचे एकमत झाल्याची ही पहिलीच घटना होती.

मग दादांनी पुढे होऊन एक पिवळा काटा उचलला. "आणि हे असे उताणे का मांडलेत? बाबा काटे पालथे मांडायचे. हंस वर दिसायला हवा." बोलता बोलता सवयीने त्यांनी काटा पालथा केला आणि थबकले. घासून घासून पुसट झालेला, पण तिथेच होता तो. हंस.

त्यांनी दुसरा उलटा केला. हंस. तिसरा, चौथा, पाचवा. पाचही हंस बारीक माना वर करून बसले होते. दादांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. "हे बाबांचेच," ते स्वतःशीच म्हणाले. "पण चांदी कुठे गेली?"

"ती मी घासून टाकली," मी म्हणालो. "संपूर्ण."

दादांनी माझ्याकडे पाहिले, पाचही काट्यांकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. खरेखोटे करण्याची गरज त्यांना भासली नसावी. माझ्या चेहऱ्यावर पुरावा पुरेसा होता. मग त्यांनी आपल्या जागेवरचा तो पांढरा, लखलखीत सहावा काटा उचलला. "आणि हा कसा वाचला?"

"तो नमुना आहे," मी अभिमानाने म्हणालो.

दादांनी तो पालथा केला. चष्मा कपाळावर सरकवला. पुन्हा पाहिले आणि काटा माझ्यापुढे धरला.

पाठीवर हंस नव्हता. दातेरी चक्राचे चिन्ह होते. ते माझ्या चांगल्या परिचयाचे होते, कारण आमच्या कारखान्याच्या दारावर तेच चक्र लावलेले होते. चक्राखाली स्वच्छ अक्षरांत कोरले होते: कँटीन.

काटा स्टीलचा होता.

मला सारे एकदम दिसले. माझ्या डब्यातून कधीतरी घरी आलेला कँटीनचा काटा, जाळीत निथळणारी भांडी, आणि त्यातून घाईघाईने मोजलेले सहा. साधा दांडा आणि कडेला एक रेघ, दोन्ही काट्यांची घडण तीच. काळे न पडण्याचे रहस्यही त्यातच होते. स्टीलच्या झळाळीशी जुळवण्यासाठी मी पाच निरपराध काट्यांची कातडी सोलली होती. कँटीनमधले काटे कोणी घरी नेऊ नयेत, असे परिपत्रक पूर्वी माझ्याच सहीने निघाले होते, हे मी त्या वेळी सांगितले नाही. ते आत्ता सांगतो आहे.

"म्हणजे," ही हळूच म्हणाली, "माझ्याकडेही पाचच?"

दादा खाली बसले. "पाच," ते म्हणाले. "पाच माझे. पाच तुझे." त्यांनी पेटीतल्या रिकाम्या खाचांवर बोट फिरवले. "चिमे, मी इतकी वर्षं…"

"आणि मला वाटायचं तू एक लपवून माझ्यावर ढकलतोयस."

"मी?"

"मग! तू लहानपणी पुडिंगही लपवायचास."

वहिनी हसल्या. मग दादा हसले. पण ते अर्ध्यातच थांबले आणि टेबलावर बोट आपटत म्हणाले, "मग उरलेले दोन कुठे? बाबांच्या वेळी बारा होते. मी स्वतः मांडलेत."

बहीण-भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यांवर काहीतरी एकाच वेळी उमटत गेले.

"रेडिओ," ही म्हणाली.

"रेडिओ!" दादा ओरडले. "एरियल! तू छपरावर चढली होतीस!"

"तूच चढवलंस. म्हणे, मी जड आहे, कौलं फुटतील. दोन काटे तारेने बांध म्हणालास."

"चांदीतून आवाज चांगला येतो, म्हणून!"

या ठिकाणी मी, परवानगी न घेता, एवढेच म्हणालो की शास्त्रीयदृष्ट्या दादांचे बरोबर होते. विजेला वाट देण्यात चांदीचा पहिला क्रमांक लागतो. माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

"खाली बसून ओरडत होतास नुसता! डावीकडे, डावीकडे! आणि बाबा आल्याबरोबर पळालास."

"पण नंतर तू उतरवलेस ना ते?"

"मी? मला वाटलं तू उतरवलेस!"

"मला वाटलं तू!"

यावर दोघे जे हसू लागले, ते सूप थंड झाले तरी थांबले नाहीत. ही डोळे पुसत होती, ते हसून की आणखी कशाने, याची मी तपासणी केली नाही. मग तिने दादांच्या पेटीतले काळे काटे काढले आणि टेबलावर आलटूनपालटून मांडले, एक पिवळा, एक काळा, सगळे पालथे, हंस वर. कँटीनचा काटा माझ्या जागी ठेवण्यात आला. त्या दिवसापासून तो माझाच आहे.

जेवण झाल्यावर दादांनी तिथूनच फोन लावला. सासऱ्यांचे घर विकून बरीच वर्षे झाली होती, पण घेणाऱ्या गृहस्थांचा नंबर वहिनींकडे होता. दादांनी नेहमीप्रमाणे इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सारी हकीकत सांगितली आणि विचारले, "छपरावर तारेला बांधलेले दोन काटे दिसतात का, जरा बघाल?"

पलीकडच्या गृहस्थांचा आवाजही दादांच्याच तोडीचा होता, आम्हा सर्वांना ऐकू आला.

"छपरावर काय आहे ते ठाऊक नाही हो," ते म्हणाले. "मी कधी चढलो नाही. पण एक आहे. या घरात आल्यापासून आमचा रेडिओ जसा स्वच्छ लागतो, तसा अख्ख्या गल्लीत कोणाचा लागत नाही."

दादांनी फोनवर हात ठेवून हिच्याकडे पाहिले. "काय करू? शिडी लावून काढायला सांगू?"

हिने माझ्याकडे पाहिले. त्या रविवारी माझे मत विचारले गेले ते एवढ्या एकाच वेळी, म्हणून मी ते पूर्ण जबाबदारीने दिले. जी वस्तू कामावर आहे आणि चोख काम देत आहे, ती तपासणीसाठी उतरवू नये.